उंटवाल्यांचं ब्रोकन हिल

ज्या मंडळींनी कधी टाइमझोनच्या कोडशी कुस्ती केली आहे, त्यांनी ती लांबलचक यादी पाहिली असेल. आशिया/कोलकाता, युरोप/लंडन वगैरे. त्या यादीत 'ऑस्ट्रेलिया/ब्रोकन हिल' अशी एक नोंद आहे. सिडनी, मेलबर्न, पर्थ समजू शकतो, पण जेमतेम सतरा-अठरा हजार वस्तीच्या या गावाला स्वतंत्र नोंद कशाला? हा किडा माझ्या डोक्यात बरीच वर्षं वळवळत होता. ऑस्ट्रेलियात प्रोजेक्टवर असताना एक लाँग वीकएंड मिळाला आणि ॲडलेडहून गाडी काढली. पाचशे किलोमीटर. रस्ता सरळ, इतका सरळ की ड्रायव्हिंगपेक्षा जागं राहण्याचंच कसब जास्त लागतं.

घड्याळाचं उत्तर आधी सांगून टाकतो. ब्रोकन हिल आहे न्यू साउथ वेल्स राज्यात, म्हणजे सिडनीच्या. पण सिडनी तिथून अकराशे किलोमीटरवर. इथे चांदी आणि शिसं सापडलं तेव्हा ते बाहेर न्यायला जवळचा रस्ता होता शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियातून, पोर्ट पिरी बंदराकडे. साउथ ऑस्ट्रेलियाने आपल्या हद्दीपर्यंत रूळ आणले. हद्दीच्या अलीकडचा तुकडा सरकारने नाही, एका खाजगी कंपनीने बांधला. सिल्व्हर्टन ट्रामवे कंपनी, १८८८. सिडनीहून थेट रेल्वे यायला १९२७ उजाडलं! तोवर गावाचा माल, पैसा, पेपर, भाजीपाला सगळं ॲडलेडकडून. म्हणून घड्याळही ॲडलेडचं, ते आजतागायत. उन्हाळ्यात घड्याळ पुढे करायचे नियम मात्र काही वर्षं ॲडलेडपेक्षा वेगळे होते, म्हणून डेटाबेसवाल्यांना वेगळी ओळ लिहावी लागली. (हिवाळ्यात भारताशी फरक बरोब्बर चार तासांचा. घरी फोन करायला बोटं मोजावी लागत नाहीत.)

तर दुसऱ्या दिवशी सकाळी 'आउटबॅक दर्शन' छापाच्या एका दिवसाच्या टूरमध्ये मी दाखल झालो. मिनीबस, नऊ प्रवासी आणि ड्रायव्हर-कम-गाईड असे एक निवृत्त खाणकामगार. माणूस दिलखुलास. मनातल्या मनात मी त्यांना काकाच म्हणायला लागलो होतो.

गावातले रस्ते म्हणजे दहावीचा रसायनशास्त्राचा पेपर. अर्जेंट स्ट्रीट, क्लोराइड, सल्फाइड, ऑक्साइड, ब्रोमाइड, आयोडाइड. गाव ज्यावर उभं राहिलं तेच रस्त्यांना चिकटवलं. १८८३ मध्ये चार्ल्स रॅस्प नावाचा, मेंढ्यांच्या रँचवर कुंपणाची राखण करणारा एक माणूस इथल्या काळ्या डोंगरावरचे दगड घेऊन गेला. त्याला वाटलं कथील आहे. निघालं शिसं, जस्त आणि चांदी, आणि तेही जगातल्या सगळ्यात मोठ्या साठ्यांपैकी एक. रॅस्पसकट सातजणांनी पैसे घातले आणि १८८५ मध्ये 'ब्रोकन हिल प्रोप्रायटरी' ही कंपनी निघाली. म्हणजे आजची बीएचपी. तो मोडका डोंगर मात्र खणून खणून संपला. आज गावाच्या मधोमध जे टेकाड दिसतं ते डोंगर नाही, खाणीतून काढून टाकलेल्या दगडाचा ढीग आहे.

त्या ढिगावर बस चढली. वर खाणीत मेलेल्या कामगारांचं स्मारक आहे, २००१ मध्ये उघडलेलं. आठशेच्या वर नावं आणि प्रत्येक नावासमोर मरणाचं कारण. कुणावर दगड कोसळला, कुणाला शिशाची विषबाधा झाली. आमच्यातली बडबडी मंडळीसुद्धा तिथे गप्प झाली. काकांनी एका नावावर बोट ठेवलं, पण काही बोलले नाहीत. मग युनियनची गोष्ट सांगताना मात्र रंगात आले. १९१९-२० चा अठरा महिन्यांचा संप आणि त्यातून मिळालेला आठवड्याला पस्तीस तासांचा नियम. शंभर वर्षांपूर्वी! हे ऐकून मला आमच्या रिलीजच्या आदल्या रात्री आठवल्या. असो.

गावाभोवतीचं वाळवंट हीदेखील अर्धी माणसाचीच करणी. खाणींना टेकू आणि चुलींना सरपण लागलं, झाडं गेली. उरलेलं शेळ्या आणि सशांनी संपवलं. मग लाल मातीची वादळं गावात घुसायला लागली. अल्बर्ट मॉरिस नावाचा, खाणीतच नोकरी करणारा आणि झाडांचं वेड असलेला माणूस म्हणाला, फार काही लावू नका, नुसतं कुंपण घाला आणि जनावरं बाहेर ठेवा, जे इथलं आहे ते आपोआप उगवेल. १९३६ पासून गावाभोवती असे पट्टे राखले गेले आणि ते खरोखर उगवलं. बसमधून पाहिलं तर एकीकडे राखाडी-हिरवी खुरटी झुडपं, आणि त्यापलीकडे लाल, सपाट, रिकामं. मूळ रहिवासी विल्याकाली लोक. त्यांच्याबद्दल दिवसभरात दोन वाक्यं ऐकली, त्यातलं एक गावाचं आधीचं नाव 'विल्यामा' होतं हे.

गावाबाहेर टेकडीवर वालुकाश्माची बारा शिल्पं आहेत, १९९३ मध्ये वेगवेगळ्या देशांच्या शिल्पकारांनी तिथेच बसून घडवलेली. फोटो छान येतात. पुढे चला.

दुपारी सिल्व्हर्टन. पंचवीस किलोमीटरवरचं, ब्रोकन हिलच्या आधी भरभराटलेलं आणि मग ओस पडलेलं गाव. 'मॅड मॅक्स २' चं शूटिंग याच भागात झालं, त्यामुळे बसमधल्या दोघा पोरांचा दिवस तिथेच सार्थकी लागला. त्यापुढे मुंडी मुंडीचं मैदान, जिथे नजरेला अडवायला काही म्हणजे काहीच नाही. काका म्हणाले, इथून पृथ्वीचा गोलवा दिसतो. दिसतो की नाही देव जाणे, पण वाटतं खरं.

परतताना काकांनी जुन्या रेल्वेच्या वाटेकडे हात दाखवला आणि ती गोष्ट सांगितली, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलोय.

१ जानेवारी १९१५. नव्या वर्षाची सहल. सुमारे बाराशे माणसं, बायका-पोरांसकट, खनिजाच्या उघड्या वाघिणींमध्ये बाकं टाकून सिल्व्हर्टनला निघाली होती. गावाबाहेर तीनेक किलोमीटरवर रुळाशेजारी एक आइस्क्रीमची गाडी उभी होती आणि तिच्यावर तुर्कस्तानचा झेंडा. दोन माणसांनी तिथून रायफलींनी गोळीबार सुरू केला. गाडीतली दोन माणसं मेली, त्यातली एक अल्मा काउई नावाची सतरा वर्षांची मुलगी. त्यानंतर गाडीबाहेरची आणखी दोन. एक होता आपल्याच घराच्या अंगणात लाकडं फोडणारा म्हातारा. पोलीस, सैनिक आणि गावकऱ्यांनी त्या दोघांना पांढऱ्या खडकांच्या टेकाडावर गाठलं. तास-दीड तास चकमक झाली. एक जागीच मेला, दुसरा इस्पितळात.

'तुर्कांनी आमच्या गावावर हल्ला केला,' असं काकांनी एका वाक्यात संपवलं. लोकांनी आ वासला आणि बस पुढे निघाली.

पण ते दोघं तुर्क नव्हतेच. संध्याकाळी मोटेलवर जे वाचायला मिळालं ते वाचत बसलो. आइस्क्रीमवाला गुल मोहम्मद हा आफ्रिदी पठाण, तिराहचा, म्हणजे तेव्हाच्या हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीचा. दुसरा मुल्ला अब्दुल्ला, साठीचा. आधी उंटवाला, मग तिथल्या मुसलमानांचा इमाम आणि खाटीक. पोरं दगड मारतात म्हणून त्याने फेटा बांधणं सोडलं होतं. हल्ल्याच्या काही दिवस आधी, परवाना नसलेल्या जागी मेंढरं कापली म्हणून त्याला शिक्षा झाली होती. दोघांनीही चिठ्ठ्या मागे ठेवल्या. गुलच्या चिठ्ठीत तुर्की सुलतान आणि त्याचं युद्ध. अब्दुल्लाच्या चिठ्ठीत हा सॅनिटरी इन्स्पेक्टरवरचा रागही.

इथे एक गोष्ट स्पष्ट. सहलीला निघालेल्या पोरीवर गोळी झाडणाऱ्याची बाजू घ्यायला मी बसलेलो नाही. पण 'तुर्क' हा शब्द एकदा वापरला की एक प्रश्न विचारायचाच राहून जातो. पेशावरकडची माणसं ऑस्ट्रेलियाच्या पोटात, समुद्रापासून इतक्या लांब, करत काय होती?

त्याचं उत्तर गावाच्या उत्तर टोकाला आहे. सकाळी बस त्याच्या शेजारून गेली होती. लालसर रंगवलेल्या पत्र्याची एक खोली, गोदाम वाटावं अशी. ती मशीद आहे. १८८७ ते १८९१ च्या दरम्यान उंटवाल्यांनी बांधलेली. सकाळी मी विचारल्यावर काकांनी दहा मिनिटं थांबवलं, तेही आनंदाने. आत आता छोटं संग्रहालय आहे, गावच्या इतिहास मंडळाने गेल्या शतकाच्या साठीच्या दशकात तिची डागडुजी केली म्हणून ती वाचली. अशा पत्र्याच्या मशिदी आउटबॅकमध्ये जागोजागी होत्या. बाकीच्या गेल्या.

१८६० मध्ये बर्क आणि विल्स यांची प्रसिद्ध मोहीम निघाली तेव्हा तिच्यासाठी हिंदुस्थानातून दोन डझन उंट आणि सोबत उंटवाले आणले होते. १८६५ च्या शेवटी टॉमस एल्डरच्या जहाजातून कराचीहून शंभरावर उंट आणि ३१ उंटवाले आले. नंतरच्या पन्नासेक वर्षांत हजारो. पठाण, बलुची, पंजाबी, सिंधी. गोऱ्यांनी सगळ्यांना एकच नाव दिलं, 'अफगाण'. त्यांतही लहान करून 'घान'. घोडे आणि बैल जिथे पाण्याविना मरत तिथे उंट चालत. लोकर, खनिज, पीठ, पियानो, रेल्वेचे रूळ, सगळं त्यांच्या पाठीवरून गेलं. १८७२ मध्ये पुरी झालेली ॲडलेड ते डार्विन तारेची लाइन, जिने ऑस्ट्रेलिया जावा-हिंदुस्थानमार्गे लंडनशी जोडला गेला, तिच्या बांधकामातही उंट होते. आपल्या भाषेत सांगायचं तर त्या खंडाचं नेटवर्क केबलिंग या लोकांच्या पाठबळावर झालं.

आणि बदल्यात? गावाबाहेर वेगळी वस्ती. बैलगाडीवाल्या गोऱ्यांचा राग, कारण उंट स्वस्त पडत. १९०१ चा इमिग्रेशनचा कायदा आला. त्यात शुद्धलेखनाची परीक्षा होती, कुठल्याही युरोपियन भाषेत ५० शब्दांचं. भाषा अधिकारी ठरवणार! नको असलेला माणूस नापास व्हावा एवढाच तिचा हेतू. आधीपासून राहणाऱ्या उंटवाल्याला गावी जाऊन परत यायचं तर सवलतीचा दाखला काढावा लागे, फोटो आणि पंजाच्या ठशासकट. (व्हिसा स्टँपिंगच्या रांगेत कुरकुरणाऱ्या तुम्हा-आम्हाला हे कळायला हरकत नाही.) १९०२ च्या कायद्याने आशियात जन्मलेल्यांना मतदान बंद. म्हणजे लढाईच्या वेळी ब्रिटिश साम्राज्याची प्रजा, मतपेटीपाशी परका. १९१५ च्या त्या रात्री संतापलेल्या जमावाने गावातला जर्मन क्लब जाळला, आग विझवायला आलेल्यांचे पाइप कापले, आणि मग मोर्चा उंटवाल्यांच्या वस्तीकडे वळवला. पोलीस आणि सैनिक आडवे उभे राहिले म्हणून वस्ती वाचली. वस्तीतल्या बाकीच्यांचा त्या गोळीबाराशी काही संबंध नव्हता.

या कथेत एक पुण्याचा धागाही आहे. गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात भारत सेवक समाज काढला. त्यांच्यामागे त्याचे अध्यक्ष झालेले श्रीनिवास शास्त्री १९२२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर गेले आणि तिथे राहणाऱ्या हिंदी लोकांच्या हक्कांसाठी शहरोशहरी बोलले. १९२५ मध्ये ऑस्ट्रेलियाने कायदा बदलला आणि ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्यांना मतदानाचा हक्क मिळाला. अफगाणिस्तानात जन्मलेल्यांना नाही. सरहद्दीच्या अलीकडे जन्मलात की पलीकडे, यावर सगळं ठरलं.

त्याच १९२५ साली साउथ ऑस्ट्रेलियाने उंटांच्या नायनाटाचा कायदा केला. ट्रक आले होते, उंटांचं काम संपलं होतं. मोकाट, बिल्ला नसलेला उंट दिसला तर पोलिसांना गोळी घालायची मुभा. कित्येक उंटवाल्यांनी आपली जनावरं मारू देण्यापेक्षा वाळवंटात सोडून दिली. आज ऑस्ट्रेलियात जे जंगली उंट आहेत ते त्यांचेच वंशज. आणि ॲडलेड ते डार्विन जी आलिशान ट्रेन धावते तिचं नाव 'द घान'. तिकीट बरंच महाग आहे.

जाणार असाल तर एक सांगतो. मशीद रोज उघडी नसते आणि बऱ्याच टूर्स नुसत्या बाहेरून दाखवतात, तेव्हा बुकिंग करतानाच विचारून ठेवा. मार्च ते ऑक्टोबरमध्ये जा, जानेवारीत चुकूनही नको. पाणी भरपूर घ्या. आणि मोबाइलवरचं घड्याळ हद्दीवर आपोआप बदलेल असं धरून चालू नका, माझं सिडनीवरच अडकलं होतं.