उतू जाणे (गुऱ्हाळ व बिअर)
उकळत्या द्रवावरचा फेस भांड्याबाहेर सांडणे. कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात काहिलीतला उसाचा रस तापला की मळी वर येते. भेंडीच्या चिकट पाण्याने ती गोळा करून काढतात. पुढे पाक दाटताना फेस उसळतो, तेव्हा गुळव्या थोडे खाद्यतेल टाकतो आणि चुलवणाची आच कमी करवतो. तेलाने बुडबुड्यांचे पापुद्रे फुटतात. बिअरसाठी उकळायच्या मॉल्टच्या काढ्यात प्रथिनांमुळे पहिल्या उकळीलाच हा उपद्रव होतो. हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुले) घालतानाही काढा उसळतो. मोठे भांडे, मंद आच, ढवळणे व उघडे तोंड हे तिथले उपाय. तेल मात्र टाळतात. ते पेल्यातला हवासा फेसही मारते. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याविना बिअर करणे गुन्हा असल्याने इथल्या घरच्या स्वयंपाकघरात उतू जाते ते बहुधा दूधच.