रिपोर्टवरचं एक नाव

परवा एक बाप माझ्याकडे आला. चौदा वर्षांची पोरगी, स्वादुपिंडात गाठ. सुईनं तुकडा काढून तपासलेला, रिपोर्टवर नाव 'फ्रान्ट्झ ट्यूमर'. "पाव्हणे म्हणतात, कॅन्सरच आहे, पोरीवर पैसा कशाला घालवतो? घरी घेऊन ये." मी डॉक्टर नाही. आधी डॉक्टरांना नीट विचारा म्हटलं. पण नाव डोक्यातून जाईना. वाचत बसलो.

व्हर्जिनिया फ्रान्ट्झ न्यूयॉर्कच्या. १९२२ मध्ये तिथल्या प्रेस्बिटेरियन हॉस्पिटलात सर्जरीची इंटर्नशिप करणाऱ्या पहिल्या महिला. पुढे सूक्ष्मदर्शकाकडे वळल्या. १९३५ मध्ये अ‍ॅलन व्हिपल यांच्यासोबत त्यांनी इन्सुलिन सोडणाऱ्या गाठींवर लिहिलं. १९५९ मध्ये स्वादुपिंडाच्या गाठींवरच्या ग्रंथात ही वेगळी गाठ नोंदवली. ती बहुतेक मुलींना आणि तरुण बायकांना होते.

बारसं मात्र लांबलं. जो तो वेगळं नाव द्यायचा. १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एकच नाव ठरवलं, सॉलिड स्यूडोपॅपिलरी ट्यूमर.

दरम्यान १९७७ मध्ये लहान मुलांच्या दुसऱ्या एका गाठीला पँक्रिॲटोब्लास्टोमा हे नाव मिळालं. ती जास्त आक्रमक, तिला बऱ्याचदा केमोही लागते. फ्रान्ट्झ गाठ पूर्ण काढता आली, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. स्कॅनवर दोन्ही गोळेच. फरक कळतो तो तुकड्यातून.

तुकडा फॉर्मलिनमध्ये ठेवतात, मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, कागदाहून पातळ काप काढून रंगवतात. पुढे आणखी एक खूण हाताशी आली: बीटा-कॅटेनिन हे प्रथिन. एरवी ते पेशीच्या कडेला असतं, या गाठीत केंद्रकात जाऊन बसतं.

आपल्याकडेही ही परंपरा जुनी आहे. १९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल सुरू झालं, तेव्हा तिथली प्रयोगशाळा डॉ. वसंत खानोलकर यांनी उभी केली.

म्हणून सांगतो, 'कॅन्सर' एवढा एकच शब्द ऐकून पोराला घरी आणू नका. कुठला, ते विचारा. रिपोर्ट, स्लाइड आणि मेणाचा ठोकळा जपून ठेवा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर तेच लागतं.

त्या बापाला डॉक्टरांनी हेच समजावलं. ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. पाव्हणे अजून बोलतायत. बाप मात्र आता ऐकत नाही.