एका केबलवरचे मालक आणि गुलाम



आजचा विषय वरवर पाहिला तर भंगारातला आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या संगणकाची पेटी उघडली की आत एक चपटी, राखाडी, दोन इंच रुंदीची केबल दिसते. तिच्या एका कडेला लाल रेघ असते. या एका केबलवर दोन उपकरणं लावता येत. दोन हार्ड डिस्क, किंवा एक हार्ड डिस्क आणि एक सीडी ड्राइव्ह. मात्र लावण्याआधी प्रत्येकाच्या पाठीमागचा जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारं नखाएवढं टोपण, ठरलेल्या जागी बसवावं लागे. एक उपकरण 'मास्टर', दुसरं 'स्लेव्ह'. मालक आणि गुलाम. माझा आजचा प्रश्न साधा आहे. त्या पेटीत खरोखर कोण कोणाचा मालक होता?

उत्तरासाठी 1984 सालात जावं लागेल. त्या वर्षी आयबीएमचा पीसी एटी बाजारात आला. त्यातली हार्ड डिस्क स्वतः फारशी शहाणी नव्हती. तिचं डोकं, म्हणजे कंट्रोलर, एका वेगळ्या कार्डावर असे आणि ते एक डोकं दोन डिस्क चालवू शके. पुढे 1986च्या सुमारास कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल वगैरे मंडळींनी हे डोकं उचलून थेट डिस्कवरच बसवलं. यालाच आयडीई म्हणू लागले. 1994 साली अमेरिकेत त्याचं अधिकृत प्रमाण झालं, त्याचं नाव एटीए. यातला 'एटी' त्या जुन्या पीसी एटीचाच.

आता इथे एक पेच आला, तो नीट बघा. संगणकाच्या आज्ञावलीला सवय होती एका कंट्रोलरची आणि त्याच्या हाताखालच्या दोन डिस्कची. प्रत्यक्षात आता डोकी दोन झाली होती, प्रत्येक डिस्कवर एक. जुनं सगळं मोडायचं नाही, तर या दोन डोक्यांनी मिळून एकाच जुन्या कंट्रोलरचं सोंग घ्यायला हवं. मग युक्ती अशी केली, की संगणकाचा निरोप दोघांनाही ऐकू जायचा. निरोपात एक बिट असे, शून्य किंवा एक. ज्याचा क्रमांक पुकारला त्याने काम करायचं, दुसऱ्याने गप्प बसायचं. वर्गातली हजेरीच म्हणा ना! नंबर सगळ्यांना ऐकू येतो, 'हजर' एकटाच म्हणतो. जंपर फक्त हजेरीतला क्रमांक ठरवत असे. शून्य क्रमांकाचं उपकरण एक क्रमांकाच्या उपकरणाला आज्ञा देत नव्हतं, त्याची माहितीही त्याच्यामार्फत जात नव्हती.

थोडा फरक होता, तो मात्र गमतीचा आहे. यंत्र सुरू होताना दोघांच्या तपासणीचा निकाल 'मास्टर'ने सांगायचा असे. त्यासाठी तो 'स्लेव्ह'च्या खुणेची वाट बघे, कमाल 31 सेकंद. म्हणजे ताटकळायचं मालकाने! हेगेलने 1807 साली लिहिलं होतं, की मालकाचं मालकपण गुलामाच्या मान्यतेवर उभं असतं. हेगेलचा या केबलशी काही संबंध नाही, हे मला मान्य आहे. पण तत्त्वज्ञानाच्या माणसाला मोह आवरत नाही.

तुम्ही म्हणाल, नाव चुकलं तर बिघडलं काय? बिघडलं ते असं. 'मास्टर' म्हणजे श्रेष्ठ, म्हणून तो जास्त वेगवान, असा समज पसरला. खरं तर जंपरने वेग वाढत नव्हता. वेगाचा खरा मुद्दा वेगळाच होता. एका केबलवर एका वेळी एकच उपकरण काम करू शके. सीडीवरून डिस्कवर नक्कल करायची आणि दोन्ही एकाच केबलवर, तर एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने थांबायचं. बहुतेक मदरबोर्डांवर अशा दोन केबलींची सोय असे. म्हणून शहाणपणाची मांडणी अशी, की हार्ड डिस्क एका केबलवर आणि सीडी ड्राइव्ह दुसऱ्या केबलवर. तिथे दोघंही 'मास्टर'! आणि एकाच केबलवर दोघांना 'मास्टर' केलं, तर दोघंही शून्य क्रमांकाला ओ देत आणि बऱ्याचदा एकही डिस्क दिसत नसे.

सीडी ड्राइव्ह तर या घरात उशिरा आलेला पाहुणा. नव्वदीच्या सुरुवातीला तो अनेकदा साउंड कार्डाला जोडलेला असे. एटीएची भाषा डिस्कसाठी घडलेली, तिला 'ट्रे बाहेर काढ' म्हणणंही जमत नव्हतं. मग एटीएपीआय नावाची वाढीव भाषा आली, तेव्हा तो याच केबलवर बसला.

पुढे केबल सिलेक्ट ही सोय रुळली. ऐंशी तारांच्या केबलवर निळं टोक मदरबोर्डाला, टोकाच्या काळ्या जोडणीवरचा 'मास्टर' आणि मधल्या करड्या जोडणीवरचा 'स्लेव्ह'. म्हणजे जागा बदलली की गुलामाचा मालक होई. इतकं उथळ होतं ते मालकपण.

ही नावं संगणकवाल्यांनी शोधलेली नाहीत. 1904 साली केपटाउनच्या वेधशाळेतल्या डेव्हिड गिल यांच्या घड्याळाच्या वर्णनात ती सापडतात. तिथे एक घड्याळ दुसऱ्याला खरोखर चालवत होतं, निदान वर्णन तरी खरं होतं. पण केपटाउन हे गुलामांच्या खरेदी-विक्रीचं शहर होतं आणि ती प्रथा कायद्याने बंद होऊन सत्तरच वर्षं झाली होती. शब्द हवेतून येत नाहीत.

एटीएच्या प्रमाणग्रंथांत पुढे 'डिव्हाइस 0' आणि 'डिव्हाइस 1' अशी नावं रूढ झाली. ती रुक्ष आहेत, पण खरी आहेत. 2003 साली लॉस एंजेलिस काउंटीच्या कार्यालयाने पुरवठादारांना 'मास्टर-स्लेव्ह' हे शब्द टाळण्याची विनंती केली, तेव्हा पुष्कळांनी टर उडवली. त्याच सुमारास सिरियल एटीए आलं. एका केबलवर एकच उपकरण, त्यामुळे जंपरचा प्रश्नच संपला.

आपल्याकडे ही जोडी इंग्रजीतच राहिली, म्हणून टोचली नाही. दुकानात कुणी 'हिला गुलाम करा' म्हटलं असतं, तर आपण दचकलो असतो. कारण मराठीत हा शब्द हलका नाही. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि निग्रो गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना ते अर्पण केलं. त्याच अमेरिकेत शंभरेक वर्षांनी हा शब्द एका टोपणाच्या जागेचं नाव झाला.

शब्द कुणाला दुखावतो का, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण मी त्याच्या आधीचा प्रश्न विचारतो: शब्द खरा आहे का? इथे नातं होतं शेजाऱ्यांचं, एका वाटेवरून आळीपाळीने जाणाऱ्या दोघांचं. आपण त्याला मालकी म्हटलं आणि मग त्या नावावरून वेग, दर्जा, अधिकार सगळं ताडत बसलो. यंत्राच्या बाबतीत याची किंमत एक वाया गेलेली दुपार असते. माणसांना क्रमांक देताना आणि त्या क्रमांकाला दर्जा समजताना ती किती असते, याचा हिशेब तुम्ही करा.