ट्राम आली आणि चुंबकसुई अलिबागला निघाली

 

आज आधी एक प्रयोग. घरातला जुना ट्रान्झिस्टर काढा, मीडियम वेव्हवर एखादं स्टेशन लावा आणि तो मोबाईलच्या चार्जरला चिकटवा. बऱ्याच चार्जरपाशी खरखर ऐकू येईल. तीन-चार फूट लांब न्या, खरखर गायब! रेडिओतल्या काळ्या फेराइट कांडीवरची तार चार्जरचं बदलतं चुंबकीय क्षेत्र पकडते. थोडं अंतर वाढलं की हे क्षेत्र झपाट्यानं विरतं. लहान वेढ्याच्या जवळपास तर अंतर दुप्पट झालं की ते साधारण आठव्या हिश्शावर येतं.

याच खरखरीमुळं शंभरेक वर्षांपूर्वी पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणीच मुंबईतून हलली.

कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालायची. नाजूक चुंबक टांगायचे आणि त्यांची बारीक हालचाल वहीत टिपायची. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरून आलेलं प्रचंड वादळ पृथ्वीवर धडकलं, तेव्हाही इथली माणसं नोंदी घेत होती. त्या वादळाचा जोर समजून घ्यायला शास्त्रज्ञ आजही त्याच नोंदी उघडतात.

मग मुंबईत विजेच्या ट्रामची तयारी सुरू झाली. तोवर ट्राम घोडे ओढायचे, त्यांचा चुंबकाला काय त्रास! विजेच्या ट्रामचा करंट मात्र रुळांतून परततो आणि थोडा जमिनीतही पसरतो. ट्राम सुटली, थांबली की करंट बदलणार आणि कुलाब्याची सुई डुलणार. मग सूर्य कुठला आणि ट्राम कुठली, हे कळणार कसं?

तेव्हा वेधशाळेचे संचालक होते नानाभाई मूस. खाडीपलीकडं, मुंबईपासून साधारण 30 किलोमीटरवर, अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. बांधकामात लोखंड टाळलं. आणि 1904 ते 1906 अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडं एकाच वेळी मोजणी केली. त्यामुळं जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा जुळला. 7 मे 1907 ला विजेची ट्राम धावली, तोवर अलिबागची घडी बसलेली होती. ती वेधशाळा आजही चालू आहे. ती चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं एक केंद्र आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या आवारातही आहे.

आता सर्किट बनवणाऱ्या पोरापोरींसाठी. मूस यांनी उपकरण खरखरीपासून लांब नेलं. तुम्हाला उलटं करायचंय, खरखरीच्या अगदी जवळ जायचंय. त्यासाठी असतो चुंबकीय प्रोब. कोॲक्स केबलचा बोटभर वेढा, बाहेरची जाळी एका जागी कापलेली, आणि दुसरं टोक ऑसिलोस्कोपला. बोर्डावरून तो हळूहळू फिरवा. अंतर वाढलं की सिग्नल पडतो, म्हणूनच गोंगाट नेमका कुठल्या कॉइलपाशी किंवा ट्रॅकपाशी आहे ते सापडतं. प्रोब फिरवून कोनही बदलून बघा, आडवा धरला तर तीच जागा गप्प वाटेल. सराव बॅटरीवरच्या बोर्डावर करा, उघड्या मेन्सच्या सर्किटात प्रोब घालू नका.

आणि अलिबागचा धडा विसरू नका. दुरुस्तीआधी मोजा, नंतरही मोजा, त्याच अंतरावर, त्याच कोनात. नाहीतर गोंगाट खरंच कमी झाला की तुमचा हात हलला, हे सांगणार कोण?

भेटूया पुढच्या भागात. तोवर ट्रान्झिस्टर घेऊन घरभर फिरा!