रंग न दिलेली मस्टँग

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक वाईट खोड असते. जुना कोड दिसला की हात शिवशिवतात. मागच्या महिन्यात मी एका जुन्या मॉड्यूलमधली चार ओळींची 'निरुपयोगी' अट उडवली. ती तिथे का होती, हे कळायला दोन दिवस आणि एक अख्खी रात्र गेली! तेव्हापासून एक गाडी सारखी आठवतेय.

१९६८ चा 'बुलिट' पाहिलाय? सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवर जवळजवळ अकरा मिनिटं चाललेला तो पाठलाग? त्यासाठी दोन गर्द हिरव्या मस्टँग जीटी ३९० घेतल्या होत्या. ३९० म्हणजे इंजिनाचा आकार, क्युबिक इंचांत. आपल्या हिशोबात ६.४ लिटर, ताकद ३२५ हॉर्सपॉवर. अस्सल अमेरिकन मसल कार! एक गाडी उड्या मारायला, दुसरी मुख्यतः स्टीव्ह मॅक्वीनच्या जवळून घेतलेल्या दृश्यांसाठी.

ही दुसरी गाडी पुढे १९७४ मध्ये न्यू जर्सीच्या रॉबर्ट कीरनन यांनी ६,००० डॉलरला घेतली. त्यांच्या पत्नी शिक्षिका. त्या चक्क हीच गाडी घेऊन शाळेत जायच्या. १९७७ मध्ये खुद्द मॅक्वीनने पत्र पाठवून गाडी मागितली, पण ह्यांनी काही दिली नाही. १९८० मध्ये क्लच गेला आणि ६५,००० मैल पळालेली गाडी उभी राहिली, ती कित्येक वर्षं.

आता उभी गाडी म्हणजे काय, ते आपल्याला माहीत आहेच. रबरी सील वाळतात, टाकीतलं पेट्रोल चिकट होतं, ब्रेक धरून बसतात. २०१४ मध्ये रॉबर्ट गेले. त्यांच्या मुलाने, शॉनने, गाडी चालती केली. पण तेवढंच! उडालेला रंग, गंज, झिजलेल्या सीटा... कशालाच हात लावला नाही.

का? कारण पुरावा तिथेच होता. कॅमेरा बसवण्यासाठी गाडीच्या खालच्या अंगाला जे जोडकाम केलं होतं, त्याच्या खुणा अजून होत्या. पत्रा ठोकून, पुट्टी भरून चकाचक रंग मारला असता तर ती हजारो हिरव्या मस्टँगपैकी एक झाली असती.

उड्या मारणाऱ्या गाडीचं तर तसं होतच आलं होतं. २०१७ मध्ये ती मेक्सिकोत सापडली, पांढरा रंग मारलेली. तिची दुसऱ्याच एका सिनेमातल्या मस्टँगची नक्कल बनवायचं घाटत होतं! चॅसी नंबर तपासला म्हणून वाचली.

कीरननांची गाडी जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉइटच्या प्रदर्शनात जगासमोर आली. जानेवारी २०२० मध्ये लिलावात बोली लागली ३४ लाख डॉलर, कमिशन धरून ३७.४ लाख. गंजासकट, बरं का!

म्हणजे काहीच दुरुस्त करायचं नाही का? तसं नव्हे. क्लच बदलावाच लागतो, ब्रेक लागलेच पाहिजेत. झिजणारा भाग बदलायचा, पण ज्यावर गोष्ट लिहिलेली आहे तो ठेवायचा. अवघड आहे ते कुठला भाग कुठला हे ओळखणं, आणि ते हातात पाना घेण्याआधी ओळखावं लागतं.

माझ्या त्या चार ओळी मी परत टाकल्यात. वर कॉमेंटही लिहिली आहे: का आहेत ते.