बोटी नसलेला कालवा

१७६१ साली इंग्लंडात मँचेस्टरपर्यंत कालवा खणला, तो बोटीतून कोळसा आणायला. आपल्या वलवणचा कालवा गिरण्यांसाठी खणला, पण त्यात बोट नाही, नुसतं पाणी वाहतं.

तेव्हा मुंबईच्या गिरण्या कोळशाच्या वाफेवर चालत. १९१० साली टाटांनी जलविद्युत कंपनी काढली. लोणावळा, वलवण, शिरवता इथं धरणं बांधली. कालव्यानं पाणी खंडाळ्याच्या कड्यापर्यंत नेलं. तिथून ते मोठ्या नळांतून सुमारे पाचशे मीटर खाली खोपोलीत पडतं आणि चाकं फिरवतं. १९१५ साली ही वीज मुंबईला पोचली.

इंद्रायणीनं पूर्वेला जाणारं पाणी असं घाट उतरून पाताळगंगेला मिळालं. वीज शहराला गेली, पाण्याखाली जमीन गेली ती गावांची. म्हणूनच मुळशीला धरण होऊ लागलं, तेव्हा १९२१ साली शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापटांबरोबर बायाही त्यात उतरल्या.

आम्ही बचत गटात पै-पैचा हिशोब ठेवतो. तसाच पाण्याचाही ठेवूया. गावात नवा प्रकल्प आला, की ग्रामसभेत उठून विचारायचं: पाणी कुठून घेणार, कुठं नेणार, आमच्या वाट्याला काय? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायचं.