जुन्या विलायती मोटारी आणि खानदेशी कारागीर

इ. स. २०२१ च्या जुलै महिन्यांत केंद्र सरकारनें मोटारींच्या नोंदणीच्या नियमांत एक नवी भर घातली. जिच्या पहिल्या नोंदणीस पन्नास वर्षें होऊन गेलीं, जिचें मूळ स्वरूप कायम आहे आणि जिच्या सांगाड्यांत, बॉडींत किंवा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नाहीं, अशा मोटारीला ‘विंटेज’ म्हणून निराळी नोंद मिळते. तिच्या पाटीवर राज्याच्या खुणेपुढें ‘व्हीए’ हीं अक्षरें येतात. नव्या नोंदणीस २०,००० रुपये पडतात व ती दहा वर्षें चालते. नियम आटोपशीर आहे व त्याचा हेतूहि चांगला आहे. परंतु त्यांतील ‘मूळ स्वरूप’ हे दोन शब्द उच्चारावयास जितके सोपे, तितकेच ठरवावयास कठीण. आपल्या देशांत जुन्या मोटारी आजवर ज्या रीतीनें जगल्या ती रीत पाहिली, म्हणजे ही अडचण नुसती शब्दांची नाहीं हें ध्यानांत येईल. विलायती स्पोर्ट्स मोटारीच्या निमित्तानें हाच प्रश्न आज श्रोत्यांपुढें मांडावयाचा आहे, आणि त्याचें उत्तर शोधीत धुळें-जळगांवपर्यंत यावयाचें आहे.

प्रथम स्पोर्ट्स मोटार म्हणजे काय तें पाहूं. दोघांपुरती, उघड्या टपाची, जमिनीलगत धांवणारी आणि सामान वाहण्यापेक्षां वळणें घेण्यांतच धन्यता मानणारी अशी ही गाडी. ती आरंभापासूनच शर्यतीसाठीं स्वतंत्र घडविलेली असावी, असा आपला समज असतो. वस्तुस्थिति बहुधा उलट आहे. ऑक्सफर्ड येथें विल्यम मॉरिस यांची मोटारींच्या विक्रीची व दुरुस्तीची एक पेढी होती. तिचें नांव मॉरिस गराजेस. तेथील व्यवस्थापक सेसिल किंबर यांनीं रोजच्या वापराच्या मॉरिस गाडीवर हलकी, देखणी बॉडी चढविण्यास प्रारंभ केला, आणि पेढीच्या आद्याक्षरांवरून त्या गाडीचें नांव एमजी असें पडलें. १९२८ सालीं लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनांत मांडलेली मिजेट ही धाकट्या मॉरिस मायनर गाडीवर बेतलेली होती. पुढें हा कारखाना अ‍ॅबिंग्डन या गांवीं गेला व १९८० पर्यंत तेथें चालला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४५ ते १९४९ या काळांत तेथून बाहेर पडलेल्या टीसी या गाडीची संख्या सुमारें दहा हजार. तिचें १२५० घन सेंटिमीटरचें इंजिन मॉरिस टेन या घरगुती गाडीच्या इंजिनावरूनच विकसित केलेलें होतें. सारांश, थाट सरदारी असला तरी तिचें कूळ मध्यमवर्गीय होतें.

या कुळाची एक मौजेची खूण टीसीच्या इंजिनांतच सांपडते. हीं इंजिनें कॉव्हेंट्री येथें ज्या कारखान्यांत तयार होत, तो मुळांत हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा. पहिल्या महायुद्धांत तिनें तो तेथें थाटला आणि १९२३ सालीं मॉरिस यांनीं तो विकत घेतला. यंत्रसामग्री फ्रेंच मापाची, म्हणून बोल्टांचे आटे मेट्रिक मापाचे पडूं लागले. परंतु इंग्रज कारागिराच्या हातांतला पाना व्हिटवर्थ मापाचा, म्हणून बोल्टांचीं डोकीं मात्र त्या मापाचीं ठेवण्यांत आलीं. ही गोष्ट ज्यास ठाऊक नाहीं तो डोकें पाहून इंग्रजी आट्यांचा बोल्ट बसवूं जातो आणि भोंकाचे आटे कायमचे बिघडवून बसतो. म्हणजे एक साधा बोल्ट काढावयाचा तरी इतिहास माहीत असावा लागतो.

आतां आपल्या देशाकडे वळूं. बिर्लांच्या हिंदुस्थान मोटर्स या कंपनीनें स्वातंत्र्याच्या सुमारास प्रथम जी ‘हिंदुस्थान टेन’ गाडी काढली, ती वर सांगितलेल्या मॉरिस टेनचीच हिंदी आवृत्ति होती. त्यामागून मॉरिस ऑक्सफर्डवरून लँडमास्टर आणि तिच्यामागून अ‍ॅम्बॅसडर आली. १९५९ च्या सुमारास अ‍ॅम्बॅसडरला १४८९ घन सेंटिमीटरचें, माथ्यावर झडपा असलेलें इंजिन मिळालें. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेंतील हेंच इंजिन १९५५ सालीं निघालेल्या एमजीए या स्पोर्ट्स मोटारींत बसविलेलें होतें. तेथें त्याला एकाऐवजीं दोन कार्ब्युरेटर होते व सिलिंडरांतील दाब अधिक होता, त्यामुळें अ‍ॅम्बॅसडरमध्यें पन्नासाच्या आसपास अश्वशक्ति देणारें हें इंजिन एमजीएमध्यें प्रारंभींच अडुसष्ट देई. १९६२ सालच्या एमजीबीचें १७९८ घन सेंटिमीटरचें इंजिनहि याच मालिकेंतलें. मद्रासेस १९६१ पासून बनूं लागलेल्या स्टँडर्ड हेराल्डची कथा हीच आहे. तिच्या मूळ इंग्रजी ट्रायंफ हेराल्डचा सांगाडा आंखूड करून त्यावर स्पिटफायर ही स्पोर्ट्स मोटार उभारली गेली.

याच काळांत परदेशी मोटारींची आयात मात्र आटत गेली. १९५३ सालीं टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारनें असें धोरण ठरविलें, कीं ज्यांना येथें खरोखर उत्पादन करावयाचें आहे त्यांनींच मोटारींच्या धंद्यांत राहावें. त्यामुळें केवळ जुळणी करणाऱ्या जनरल मोटर्स व फोर्ड या कंपन्यांनीं येथून आपला गाशा गुंडाळला. मुंबईच्या बंदरांत पूर्वींच उतरलेल्या विलायती स्पोर्ट्स मोटारींना नवे सुटे भाग मिळण्याची वाट त्यानंतर अतिशय अरुंद झाली. त्या जगल्या त्या येथल्याच नातलगांच्या आधारानें. मोडलेल्या एमजीच्या पिस्टनाला, झडपेला, बेअरिंगला पर्याय शोधावयाचा तर तो अ‍ॅम्बॅसडरच्या दुकानांत. आणि तो बसवावयाचा तर अ‍ॅम्बॅसडरवर हात बसलेल्या मिस्त्रीकडे.

येथें खानदेशाचा संबंध येतो. धुळें-जळगांवच्या रस्त्यावर एमजी हें नित्याचें दृश्य कधींच नव्हतें. परंतु तिला जगविणारी विद्या ज्या भूमींत रुजते, ती भूमि कशी असते याचें उदाहरण म्हणून खानदेशाकडे बोट दाखवितां येईल. कॅप्टन ब्रिग्ज यानें १८१९ च्या सुमारास धुळें हें जिल्ह्याचें ठाणें केलें, त्याचें एक कारण म्हणजे त्याचें रस्त्यावरील स्थान. मुंबईहून आग्र्यास जाणारा रस्ता आणि सुरतेहून जळगांव-भुसावळमार्गें नागपुराकडे जाणारा रस्ता हे दोन्ही धुळ्यास एकमेकांस छेदतात. राष्ट्रीय महामार्ग तीन आणि सहा हे त्यांचे जुने क्रमांक आतां बदलले आहेत, तरी चौफुली तीच आहे. जेथें दोन मोठे रस्ते मिळतात तेथें बिघडलेलीं वाहनेंहि मिळतात, आणि जेथें बिघडलेलीं वाहनें मिळतात तेथें मिस्त्री तयार होतो.

दुसरें कारण कापूस. आगगाडी जळगांव-भुसावळपर्यंत आल्यानंतर या मुलखांत सरकी काढण्याचे व गांठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले, तेलाच्या गिरण्या आल्या, विहिरींवर ऑइल-इंजिनें बसलीं. भुसावळास रेल्वेच्या इंजिनांची मोठी शेड झाली. १९४८ नंतर एस.टी.चे डेपो आले. हंगामांत जिनचा एक दांडा मोडला तर मुंबईहून नवा येईपर्यंत कापसाचे ढीग थांबत नाहींत. तो भाग गांवांतच लेथवर पाडून घ्यावा लागतो. या निकडींतून येथला टर्नर व फिटर घडला. नमुना हातांत घ्यावा, कॅलिपरनें माप घ्यावें, कोणतें पितळ, कोणतें पोलाद तें नजरेनें ठरवावें आणि संध्याकाळपर्यंत भाग तयार करावा, ही त्याची रीत. अ‍ॅम्बॅसडरची टॅक्सी व सरकारी गाडी याच हातांखालून गेली.

अशा हातांपुढें एखादी जुनी स्पोर्ट्स मोटार आली तर काय काय करावें लागतें, तें थोडक्यांत सांगतों. सिलिंडर झिजून लंबगोल झालेले असतात. ते बोअर करून त्यांत मोठ्या मापाचे पिस्टन घालावे लागतात. स्टिअरिंगच्या व कमानींच्या सांध्यांतले बुश नवे पाडावे लागतात. टीसीच्या बॉडीचा पत्रा अ‍ॅश नांवाच्या विलायती झाडाच्या लांकडी चौकटीवर ठोकलेला असतो. अ‍ॅश लवचिक व धक्का सोसणारा. आपल्याकडे तो उगवत नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याशीं वाढलेल्या सुताराच्या हातीं सहज येतो तो साग. साग वाळवीला व ओलाव्याला दाद देत नाहीं, परंतु अ‍ॅशइतका तो वांकत नाहीं. त्यांतून खानदेशचा उन्हाळा. चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हांत इंजिनाजवळच्या नळींत पेट्रोलची वाफ होते व भर रस्त्यांत गाडी थांबते. शिसेविरहित पेट्रोल देशभर आलें तें २००० सालीं. त्यानें जुन्या झडपांच्या बैठका लवकर झिजतात, म्हणून तेथें कठीण पोलादाचीं कडीं बसवावीं लागतात. आतां पेट्रोलांत वीस टक्के इथेनॉल असतें. तें जुन्या रबराच्या नळ्या फुगवितें आणि टांकींत पाणी ओढून घेतें.

आणि सर्वांत नाजुक काम दोन कार्ब्युरेटरांचें. एमजीवरील एस.यू. कार्ब्युरेटरांत हवेच्या ओढीनें एक दट्ट्या वर उचलला जातो व त्याला जोडलेली निमुळती सुई पेट्रोलचें भोंक कमीजास्त उघडते. दोन्ही कार्ब्युरेटरांनीं हवा सारखी ओढली पाहिजे. कसलेला मिस्त्री रबरी नळीचें एक टोंक कानाला लावतो, दुसरें आळीपाळीनें दोन्ही तोंडांशीं धरतो, आणि दोन्हीकडची सीत्कार एका सुरांत येईपर्यंत स्क्रू फिरवीत राहतो. हें ज्ञान पुस्तकांत थोडें असतें. बाकी सारें कानांत असतें.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. मोठ्या मापाचे पिस्टन, खानदेशी पितळेचे बुश, सागाची चौकट, आणि प्रसंगीं अ‍ॅम्बॅसडरचें सबंध इंजिन, अशा आधारांवर जी मोटार साठ-सत्तर वर्षें चालत राहिली, ती ‘मूळ’ कीं बदललेली? बुश आणि पिस्टन यांना कोणी फेरफार म्हणणार नाहीं. परंतु इंजिनच पालटलें असेल तर नियमाप्रमाणें ती विंटेज ठरूं शकत नाहीं. नियम करणाऱ्याचीहि बाजू आहे: उद्यां कोणी नव्या पत्र्यावर जुना क्रमांक ठोकून ती शंभर वर्षांची म्हणून विकूं लागला, तर त्यास आळा कसा घालावा? ही भीति काल्पनिक नाहीं. खुद्द इंग्लंडांत १९८८ पासून एमजीबीचे संपूर्ण नवे सांगाडे जुन्या सांच्यांवर तयार होऊन विकले जाऊं लागले. तरीहि मला असें वाटतें, कीं ज्या आधारानें गाडी वांचली तोच दोष मानून तिला बाहेर ठेवणें हा न्याय अपुरा आहे. तें इंजिन ही लबाडी नव्हती. आयात बंद असतांना त्या गाडीनें काढलेल्या दिवसांचा तो दाखला आहे.

या पेचांतून वाट दाखविणारें एक उदाहरण धुळ्यांतच आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनीं मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें १८९८ पासून खंडाखंडांनीं छापलीं. १९२६ च्या अखेरीस धुळ्यासच त्यांचा देह पडला आणि दुसऱ्या वर्षीं तेथें त्यांच्या नांवानें संशोधन मंडळ स्थापन झालें. जुन्या कागदांच्या संशोधकाचा एक नियम असतो: कागद फाटका असेल तर फाटका म्हणून सांगावें, अक्षर गेलें असेल तर जागा मोकळी दाखवावी, स्वतःचा तर्क निराळा लिहावा, तो मूळ मजकुरांत मिसळूं नये. जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें, म्हणजे ‘फिवा’नें, २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या तुरीनच्या सनदेचें सारहि याहून निराळें नाहीं: बदललेला भाग ओळखतां यावा आणि केलेल्या कामाची नोंद राहावी.

खानदेशी मिस्त्रीनें कला पुष्कळ दाखविली. नोंद मात्र ठेविली नाहीं, कारण ती कोणीं मागितली नाहीं. २०१४ सालीं अ‍ॅम्बॅसडरचें उत्पादन बंद झालें. आजच्या तरुण कारागिरास गाडीचा दोष संगणकाच्या पडद्यावर वाचतां येतो. रबरी नळी कानाला लावण्याचें त्याला कारण उरलेलें नाहीं, आणि तो दोष त्याचा नव्हे. परंतु ज्यांना तें कारण होतें ते कारागीर आतां वृद्ध होत आहेत. म्हणून ज्यांच्या घरीं जुनी मोटार असेल त्यांना एवढेंच सुचवावयाचें आहे, कीं गाडीबरोबर एक वहीहि ठेवावी. कोणता भाग कोणत्या सालीं बदलला, कोणत्या गांवीं, कोणत्या धातूचा पाडला आणि काढलेला जुना भाग कोठें ठेवला, हें तींत लिहावें. आणि तो पाडणाऱ्याचें नांवहि लिहावें. सरकारनें नियमाचा पुनर्विचार करावयाचा ठरविलाच, तर पुराव्यादाखल पुढें ठेवण्यास अशी वही उपयोगीं पडेल. तसें न झालें तरीहि त्या वहींत एका मुलखाच्या कारागिरीचें एक पान शिल्लक राहील.